गच्चीवरच्या बिटाची पानं वळली आहेत. हा तो अमेरिकेतला व्हायरस तर नव्हे?

गच्चीवाली (मुलुंड) | ११ जानेवारी, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी माझे ३ क्रेट आहेत. (सेक्रेटरींची परवानगी कशी मिळवली, हा वेगळ्या धाग्याचा विषय.) त्यात नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बीट लावलं, एकूण १८ रोपं. डिसेंबरभर अशी तरारली होती की वॉचमनकाका मुद्दाम वर येऊन बघून जायचे. गेल्या आठ दिवसांत मात्र ५ रोपांची मधली कोवळी पानं वळायला लागली आहेत. कडा गुंडाळलेल्या, पान आखूड, मध्येच फुगवटे. दोन रोपांची खालची पानं पिवळीही पडली आहेत.

बी जिथून आणलं त्या नर्सरीत फोटो दाखवला. 'मॅडम, पाणी जास्त झालं' म्हणाले आणि वाढीचं टॉनिक म्हणून एक बाटली गळ्यात मारली. २८० रुपये. रात्री नेटवर शोधलं तर 'बीट कर्ली टॉप व्हायरस' समोर आला आणि झोप उडाली. फोटो आमच्यासारखेच वाटतात आणि खाली लिहिलंय, इलाज नाही.

तर प्रश्न असे: हा तोच का? शेजारच्या टोमॅटो-मिरचीला लागेल का? माती फेकावी लागेल का? आणि परवाच आम्ही याच पानांची भाजी खाल्ली, त्याचं काय?

चहाटळ (दादर) | रात्री १०:४१

भाजी खाऊन दोन दिवसांनी धागा काढताय म्हणजे तब्येत उत्तम आहे. हलके घ्या.

मिरचीवाला (डोंबिवली) | रात्री १०:५५

बोकड्या आहे हो ताई. मिरचीवर येतो तोच, चुरडामुरडा. इमिडाक्लोप्रिड आणा, पंपात घाला, मारा. विषय संपला.

पालेभाजी (भांडुप) | रात्री ११:०२

आंबट ताक फवारा. माझ्या आईचा उपाय आहे. कशावरही चालतो. :)

शेतकी_निवृत्त (ठाणे) | १२ जानेवारी, सकाळी ६:१५

गच्चीवाली, कुठलीही बाटली उघडण्याआधी पान उलटं करा. मी कृषी खात्यात तीस वर्षं काढली. त्यात लोकांनी फोटो दाखवले, पिशवीत भरून पानं आणली, एकानं तर अख्खं झाड खांद्यावर टाकून आणलं. पण पानाची पाठ बघून आलेला माणूस क्वचित भेटला.

सकाळच्या उन्हात जा, भिंग असेल तर घ्या आणि एवढं बघून सांगा. पान कुठल्या बाजूला वळलंय, वर की खाली? पाठीमागच्या शिरा गुळगुळीत आहेत की बोटाला खरखर, गाठी लागतात? मुंग्यांची ये-जा आहे का? पिवळं पान मुठीत चुरडलं तर मऊ पडतं की मोडतं? आणि क्रेटच्या आसपास आणखी काय उगवलंय? लावलेलं आणि न लावलेलं, दोन्ही सांगा.

मिरचीवाला, 'बोकड्या' हे लक्षणाचं नाव झालं. मिरचीत तो फुलकिडे आणि कोळीनंही येतो आणि पांढऱ्या माशीनं आणलेल्या विषाणूनंही. तिन्हींना एकच औषध मारलं म्हणूनच आपल्याकडे मिरची गेली.

गच्चीवाली (मुलुंड) | १२ जानेवारी, सकाळी ९:३०

काका, भिंग नव्हतं. मुलाच्या प्रयोगपेटीतलं प्लास्टिकचं मिळालं. बघितलं ते सांगते.

पानं खाली वळली आहेत, पालथ्या वाटीसारखी. वाटी उलटी केली तर आत वस्तीच आहे! हिरवट, मोहरीहून बारीक, मऊ किडे, बहुतेक बिनपंखांचे. त्यांच्यामध्ये पांढरे कोंड्यासारखे कण. मुंग्या आहेत, टाकीच्या पाइपावरून रांगच लागली आहे. शिरा गुळगुळीत. पान हाताला चिकट लागतं.

पिवळ्या दोन रोपांचं वेगळं दिसतंय. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, पान जाड. चुरडलं तर भाजलेल्या पापडासारखं कडकन मोडलं.

शेजारी टोमॅटो २, मिरची १, पालक आणि सासूबाईंची चाकवताची कुंडी. न लावलेली म्हणजे घोळ आणि कसलंतरी गवत.

शेतकी_निवृत्त (ठाणे) | १२ जानेवारी, सकाळी ११:०५

शाब्बास. अर्धा निकाल तुम्हीच लावला. तो मावा आहे. पांढरे कण म्हणजे त्यानं टाकलेली कात. चिकटपणा त्याचाच, आणि मुंग्या त्या गोडासाठी येतात. पाच रोपांचं वळणं बहुतेक रस शोषल्यामुळे आहे. दोन पिवळ्या रोपांबद्दल संध्याकाळी लिहितो, नातवाला शाळेतून आणायचंय.

आयडाहोकर (बॉइसी, मूळ गिरगाव) | १२ जानेवारी, रात्री ८:१०

धागा बघून राहवलं नाही. मी १६ वर्षं त्या 'अमेरिकेतल्या व्हायरस'च्या घरातच राहते. इथलं बीट आपलं सँडविचमधलं लाल बीट नव्हे. साखरेचं पांढरं बीट, मुळ्याचा जाडजूड थोरला भाऊ. ऑक्टोबरात रस्त्याच्या कडेला त्याचे इमारतीएवढे ढीग लागतात आणि गाडीच्या काचा बंद ठेवल्या तरी मातकट गोडूस वास आत येतो.

कर्ली टॉप मी माझ्या परसातल्या टोमॅटोवर पाहिलाय. जूनमध्ये छान चाललेलं झाड एका आठवड्यात थबकलं. पानं वर वळून जाड, कडक झाली, शिरा जांभळ्या. झाड मरतही नव्हतं आणि वाढतही नव्हतं. गंमत म्हणजे त्याच्यावर एकही किडा सापडला नाही. नंतर कळलं की हा विषाणू पसरवतो बिटावरचा तुडतुडा, म्हणजे रस शोषणारा एक इवला उडता किडा, आणि त्याला टोमॅटो आवडतच नाही. येतो, एक चव घेतो, नाक मुरडून उडून जातो. पण त्या एका चवीत विषाणू सोडून जातो. मग फवारायचं कोणावर?

शेजारचे शेतकरी आजोबा सांगतात की त्यांच्या वडिलांच्या काळात या रोगानं इकडचा साखरधंदा बसायला आला होता. १९२०च्या दशकात पश्चिम अमेरिकेत बीट सोडून दिलेली शेतं होती, बंद पडलेले कारखाने होते. एल्मर बॉल नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं युटामध्ये विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच रोगाचा संबंध तुडतुड्याशी जोडला होता. पण संबंध कळला म्हणून तुडतुडा थांबत नाही. तो शेतात राहतच नाही ना! हिवाळा काढतो दूर, वाळवंटी माळावरच्या रानमोहरीसारख्या तणांवर. वसंतात तिथली तणं वाळली की वाऱ्यावर स्वार होऊन शेकडो किलोमीटर येतो आणि कोवळ्या बिटावर उतरतो.

आणि ती तणं तिथे वाढवली कोणी? माणसानंच. गुरं चारून माळ उघडे केले, जमीन नांगरून टाकून दिली. त्या उघड्या जमिनीवर रशियन थिसल नावाचं काटेरी झुडूप माजलं. ते १८७०च्या दशकात जवसाच्या बियांतून भेसळ होऊन अमेरिकेत आलं. काउबॉयच्या सिनेमात वाऱ्यावर गडगडत जातो ना तो वाळका गोळा, तेच हे.

चहाटळ (दादर) | रात्री ८:३२

म्हणजे हिरोच्या मागून जातो तो व्हिलन होता! एवढी वर्षं मी त्याला नेपथ्य समजत होतो.

अंधेरी_लोकल (अंधेरी) | रात्री ८:५०

@आयडाहोकर, मग आज तिकडे बीट कसं टिकलं?

आयडाहोकर (बॉइसी, मूळ गिरगाव) | रात्री ९:१५

ज्या शेतांत सगळं मेलं तिथे फिरून, जे चार कंद तगले होते ते शोधले. त्यांचं बी धरलं, पुन्हा रोगात लावलं, पुन्हा तगलेले निवडले. त्यातून १९३०च्या दशकात यूएस-१ ही पहिली सहनशील जात आली. तिलाही रोग लागायचा, पण ती उभी राहायची. आता सहनशील जात असते आणि वर बियाण्यालाच कीटकनाशकाचा लेप. कॅलिफोर्नियात तर १९४३ पासून राज्य सरकारचा कार्यक्रमच आहे. तिथे फवारणी शेतात नसते, डोंगरउतारावरच्या तणांवर असते. तुडतुडा निघायच्या आधीच त्याला घरी गाठायचं.

शेतकी_निवृत्त (ठाणे) | १२ जानेवारी, रात्री ९:४०

आयडाहोकर, झकास लिहिलंत. आता मुलुंडकडे येऊ.

तो तुडतुडा रखरखीत, उघड्या, उन्हाच्या प्रदेशातला. मूळ भूमध्य सागराच्या बाजूचा. आपली खाडीकाठची दमट हवा त्याची नव्हे. इराणमध्ये बिटावर असाच रोग आहे, पण तो विषाणू वेगळा आणि तुडतुडाही त्याच्या भावकीतला दुसरा. शिवाय कर्ली टॉपमध्ये पान वर वळतं आणि पाठीमागच्या शिरा फुगून चामखिळीसारख्या गाठी येतात. तुमची पानं खाली वळलेली, शिरा गुळगुळीत. त्यामुळे ती भीती काढून टाका.

पण या विषाणूचं नातं आपल्या घरापर्यंत येतं, म्हणून थोडं सांगतो. त्याचे कण जोडीनं असतात, दोन गोळे एकमेकांना चिकटलेले. म्हणून त्या कुळाचं नाव जेमिनी, आपली मिथुन रास. भेंडीच्या शिरा पिवळ्या करणारा केवडा याच कुळातला, टोमॅटोची पानं आवळणारा लीफ कर्लही याच कुळातला. फरक वाहनाचा. आपल्याकडच्या या दोघांना पांढरी माशी नेते, अमेरिकेतल्याला तुडतुडा.

आता मिरचीवाल्यांच्या 'मारा, विषय संपला'बद्दल. २००२ साली सांगलीकडे उसावर लोकरी मावा आला तेव्हा मी नोकरीत होतो. पानाखाली कापूस पिंजून चिकटवावा तसा थर, खालच्या पानांवर काजळी, फडात शिरलं की शर्ट पांढरा. तो रस पिऊन ऊस खंगवत होता. तिथे खेळ संख्येचा होता. डिफा नावाच्या मित्रकिडीच्या अळ्यांनी त्याचा फडशा पाडला, संख्या उतरली, ऊस सावरला. विषाणूचा खेळ असा नाही. एक तुडतुडा, काही मिनिटांचं शोषण, झालं. विषाणू त्याच्या आतड्यातून रक्तात आणि रक्तातून लाळेत जातो आणि मग तो मरेपर्यंत जिथे बसेल तिथे वाटत फिरतो. पिल्लांना मात्र अंड्यातून देत नाही, प्रत्येक पिढीनं आजारी झाड चाखूनच तो कमवायचा. म्हणून रोप आजारी दिसल्यावर केलेली फवारणी त्या रोपाच्या कामाची नसते. झालीच तर शेजारच्या रोपाच्या.

तुमची दोन पिवळी रोपं मला आवडलेली नाहीत. माव्यातून पसरणारे बिटाचे पिवळेपणाचे विषाणू आहेत. त्यांत नेमकं हेच होतं: खालची जुनी पानं पिवळी, जाड, ठिसूळ. पण मॅग्नेशियम कमी पडलं तरी पान असंच दिसतं. विषाणूचं नाव डोळ्यांनी ठरत नाही, प्रयोगशाळेत एलायझा किंवा पीसीआर चाचणी लागते. दोन रोपांसाठी कोणी एवढं करत नाही. मी असतो तर दोन्ही उपटली असती.

रोखठोक (कल्याण) | १३ जानेवारी, सकाळी ८:२०

काका, आदर ठेवून असहमत. शेजारचं रोप वाचवण्यासाठीच तर निओनिकोटिनॉइड कीटकनाशकं आहेत (इमिडाक्लोप्रिड त्यातलंच). युरोपानं मधमाश्यांच्या नावानं बंद केली आणि काय झालं? २०२० मध्ये फ्रान्सचं बीट पिवळं पडलं, देशाचं उत्पादन साधारण तीस टक्क्यांनी घसरलं. शहरी लोकांना फवारणी म्हटलं की पाप वाटतं. शेतकऱ्याला विचारा.

अंधेरी_लोकल (अंधेरी) | सकाळी ९:०५

(९:०५ च्या चर्चगेट फास्टमधून, चुका माफ.) रोखठोक, २०२०चं खरं आहे, पण गोष्ट तिथे संपत नाही. फ्रान्सनं त्याच वर्षी डिसेंबरात कायदा बदलून बिटाच्या बियाण्याला सूट दिली. ती सूट जानेवारी २०२३ मध्ये युरोपच्या न्यायालयाच्या निकालानं बंद झाली. ब्रिटननं वेगळी वाट धरली: हिवाळ्याच्या थंडीवरून माव्याचा अंदाज काढायचा, रोगाचा आकडा ठरलेल्या उंबरठ्यावर गेला तरच लेपाचं बियाणं वापरायचं. २०२१ मध्ये परवानगी मिळाली होती, पण थंडी कडक पडली, मावा मेला, आकडा खाली राहिला आणि औषध वापरलंच नाही. २०२२, २३, २४ मध्ये वापरलं. २०२५ मध्ये सरकारनं परवानगीच नाकारली.

म्हणजे हजारो एकरांवरसुद्धा 'यंदा लागेल का' हा प्रश्न आधी विचारला जातो. इथे तर १८ रोपं आहेत.

रोखठोक (कल्याण) | सकाळी ९:४०

थंडीवरून अंदाज ही गोष्ट आवडली. मुंबईत थंडीच नाही, म्हणजे आपला मावा कायम उंबरठ्यावर. :)

शेतकी_निवृत्त (ठाणे) | सकाळी १०:१०

रोखठोक, शेतकऱ्याची बाजू मला सांगू नका, मी ती मांडूनच निवृत्त झालो. गच्चीपुरतं बोलू. हे औषध रोपाच्या रसात उतरतं, म्हणून तर किडा मरतो. जे रसात उतरलं ते नळाखाली धुऊन जात नाही. आणि या बाई पानांची भाजी खातात.

गच्चीवाली, भाजीची काळजी नको. वनस्पतींचे विषाणू माणसाला लागत नाहीत. मातीही फेकू नका, हे विषाणू मातीत राहत नाहीत, जिवंत झाडात आणि किड्यात राहतात.

गच्चीवाली (मुलुंड) | १३ जानेवारी, संध्याकाळी ७:४५

उपटली. हात जड झाला, पण उपटली. कंद लिंबाएवढे झाले होते.

मग एक उद्योग केला. कर्ली टॉपमध्ये कंद आडवा कापला की आत काळी वलयं दिसतात, असं वाचलं होतं. कापला तर वलयं! काळजात धस्स झालं. पळत खाली गेले. कोपऱ्यावरच्या सँडविचवाल्याला म्हटलं, भाऊ, एक बिटाची चकती नुसती दाखव. त्याला वाटलं मी स्वच्छतेची तपासणी करायला आले. चकती बघितली तर त्यातही वलयं! एक गडद, एक फिकट, एक गडद, झाडाच्या बुंध्यासारखी. इतकी वर्षं हिरव्या चटणीखाली खात आले आणि कधी पाहिलंच नाही.

शेतकी_निवृत्त (ठाणे) | रात्री ८:२०

हा किस्सा मी विद्यार्थ्यांना सांगायला हवा होता! बिटाला वलयं असतातच, तो त्याचा स्वभाव आहे. कर्ली टॉपमध्ये अन्नरस वाहणाऱ्या नळ्या मरतात आणि त्यांच्या जागी तपकिरी-काळे डाग वलयांत उमटतात. उभा कापला तर काळ्या रेघा दिसतात. तुमच्या कंदात असं काही होतं?

गच्चीवाली (मुलुंड) | रात्री ८:२८

नाही. स्वच्छ लाल आणि गुलाबी. चव घेतली, जरा मातकट, बाकी गोड.

शेतकी_निवृत्त (ठाणे) | रात्री ८:५०

छान. आता उरलेल्या १६ रोपांचं. आधी पाण्याची धार पानाच्या पाठीवर, जोरात, सकाळी. त्यानं अर्धा मावा जातो. मग १ लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब, ऊन उतरल्यावर, पाठीमागून. आठवड्यानं परत. मुंग्यांची वाट तोडा, त्या माव्याची राखण करतात. पिवळा चिकट सापळा एक टांगा. तो मावा संपवण्यासाठी नाही, पंखवाले आलेत का ते कळण्यासाठी. टॉनिक बंद. भरमसाट नत्रानं पान लुसलुशीत होतं आणि माव्याला तेच हवं असतं.

आणि चाकवत उलटा करून बघा. तो बिटाच्याच कुळातला आहे, पालकही. आयडाहोकरांच्या माळावर जे काम रानमोहरी करते, ते तुमच्या गच्चीवर कोण करतंय ते कळेल.

पालेभाजी (भांडुप) | रात्री ९:१०

अवांतर: या हिशोबानं रुळांच्या कडेला पालक-माठाचे वाफे असतात, तिथून गाडीच्या वाऱ्यानं माव्याला फुकट पास मिळत असणार.

शेतकी_निवृत्त (ठाणे) | रात्री ९:२२

पंख फुटलेल्या माव्याला गाडी लागत नाही, वारा पुरतो. पण सातव्या मजल्यावर तो चढतो तो असाच.

गच्चीवाली (मुलुंड) | १ फेब्रुवारी, सकाळी ११:००

उशिरा कळवतेय, क्षमस्व.

चाकवत उलटा केला होता. देठापासून शेंड्यापर्यंत मावाच मावा, पान दिसेना. सासूबाईंना दाखवला. म्हणाल्या, 'आमच्या गावी चाकवताला मावा आला तर धुऊन ताकातली भाजी करायचे, कुंडी फेकत नसत.' दोन दिवस अबोला. शेवटी तह झाला: पानं खुडून, तीनदा मिठाच्या पाण्यात धुऊन पातळ भाजी झाली, मूळ कुंडी रिकामी झाली आणि नवं बी स्वयंपाकघराच्या खिडकीत, क्रेटपासून दूर. घोळही उपटली.

बिटाची तीन वळलेली रोपं सावरली. जुनी पानं तशीच वाकडी आहेत, पण नवी सरळ येत आहेत. आणखी पिवळं कोणी पडलं नाही. सापळ्यावर पहिल्या आठवड्यात बरेच पंखवाले चिकटले होते, या आठवड्यात चारच.

एक शंका. काल पानावर काळ्या रंगाची, नारिंगी ठिपक्यांची, इवल्या मगरीसारखी अळी दिसली. चिरडणारच होते, पण मुलानं हात धरला. फोटो डकवते.

शेतकी_निवृत्त (ठाणे) | सकाळी ११:३५

मुलाला माझ्याकडून खाऊ. ती ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी आहे, मावा खाते. ती असेपर्यंत निंबोळी तेलही थांबवा.

गच्चीवाली (मुलुंड) | सकाळी ११:५०

थांबवलं. आणि ती २८० ची बाटली? अर्धी शिल्लक आहे.

चहाटळ (दादर) | दुपारी १२:०४

सेक्रेटरींच्या तुळशीला घाला.